दगडावरची कात्री कुणाची?

नवरा गेल्यावर लीलावतीबाई लंडनमधलं वेम्बलीचं घर सोडून मुलाकडे, स्कॉटलंडमध्ये डंडीला आल्या. अनुप दिवसभर युनिव्हर्सिटीत. आईला करमावं म्हणून त्यानंच तिला जवळच्या जुन्या चर्चच्या आवारात नेलं. तिथं मॉयरा नावाच्या निवृत्त शिक्षिका अठराव्या शतकातल्या थडग्यांची यादी करत होत्या. गेलेला माणूस काय काम करायचा ते त्या काळी दगडावर कोरत. लोहाराचा हातोडा, शेतकऱ्याचा नांगर.

एका दगडावर कवटी होती, खाली कात्री, आणि शेजारी एक लांबट गोळा. मॉयरांनी त्याला विणकराचा धोटा म्हटलं होतं. लीलावतीबाईंनी गुडघे टेकून शेवाळ पुसलं.

"हा धोटा नाही. वर मूठ बघा. शिंप्याची इस्त्री आहे ही."

मॉयरांनी निरखून पाहिलं आणि त्या दगडाच्या फॉर्मवरचं 'धोटा' खोडलं. "खरंच की. म्हणजे नवरा शिंपी होता."

"नवराच कशावरून?"

दगडावर नवरा-बायकोची आद्याक्षरं होती. कात्री नेमकी बायकोच्या अक्षरांखाली होती.

"तेव्हा शिंपी पुरुषच असत, लीला," मॉयरा म्हणाल्या. "जागा मिळाली तिथं कोरलं असेल."

लीलावतीबाईंनी फॉर्म पुढे ओढला, पण पेन चालेना. वेम्बलीला ईलिंग रोडवर त्यांचं कपड्यांच्या अल्टरेशनचं दुकान होतं. पाटीवर नवऱ्याचं, सतीशचं नाव. कापायचे सतीश, शिवायच्या त्या. म्हणजे कात्री सतीशचीच. पण मग त्यांचा हात थरथरायला लागला, आणि शेवटची अकरा वर्षं कापणंही लीलावतीबाईंकडेच आलं. गिऱ्हाईक आलं की सतीश पुढे बसून बोलत. मग कात्री कुणाची म्हणायची?

संध्याकाळी त्यांनी अनुपला विचारलं, "आपल्या दुकानात टेलर कोण होतं रे?"

"बाबा," तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला. मग थांबला. "म्हणजे, तूपण. का गं?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मवर 'शिंपी'पुढे नवरा-बायको दोघांची आद्याक्षरं लिहिली. काही महिन्यांनी यादी छापून आली तेव्हा त्या दगडापुढे होतं: शिंपी, बहुधा पती. लीलावतीबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मॉयरांना फोन करावा असं वाटलं. पण चुकलंय म्हणून सांगायचं, की बरोबर असेल म्हणून, तेच त्यांना ठरवता येईना.