तांडेलाचा पाय आणि माझं स्टूल

दोकचिलला पहिल्यांदा पाहिलं ना, तेव्हा मला वाटलं, हा माणूस ठार वेडा आहे! आताही आठवलं की हसू येतं. माझी खानावळ योंगदो बेटावरच्या गोदीसमोरच, दारातून सगळं दिसतं. हा सकाळभर वेल्डिंग करायचा आणि दुपारभर तेच ग्राइंडरनं घासत बसायचा. मी शेजारणीला म्हटलंसुद्धा, "केलेलं पुसणारा वेल्डर आणलाय बघ गोदीवाल्यांनी!"

शेवटी त्यालाच विचारलं.

"ताई, चीर धरते ती वेल्डच्या कडेला. ती कड गुळगुळीत केली की लवकर धरत नाही," एवढं बोलून त्यानं सूपचा वाडगा पुन्हा पुढे केला. बोलणं वाटीभर, भूक पातेलंभर!

त्याच वर्षी सॉल तांडेलाची बोट गोदीत आली, तर जाळं उचलायच्या क्रेनच्या बुडाशी केसाएवढी चीर. तांडेलाला दुसऱ्या दिवशी सकाळीच बांगडा धरायला निघायचं होतं. दोकचिल म्हणाला, दोन दिवस लागतील. झालं! दोघं माझ्याच टेबलावर जुंपले.

"वर एक पत्रा ठोक आणि मोकळा हो," तांडेल म्हणाला. "गेल्या हंगामात जाळं फाटेस्तोवर मासळी उचलली, तेव्हा नाही मोडली ती!"

"एका जाळ्यानं मोडतच नाही. लाटांवर रिकामी डुलते ना, तेव्हाही जराजरा वाकते. वर्षानुवर्षं. पत्र्याखाली चीर वाढत राहील आणि दिसणारही नाही. मग एक दिवस पडेल खलाशांच्या डोक्यावर."

"डुलण्यानं कुठे लोखंड मोडतं? लोखंड मोडतं वजनानं. या ताईनं नाही का गेल्या आठवड्यात लोखंडी स्टूल मोडलं?"

घ्या! आठवडाभर गोदीत हाच विनोद चालला होता. मी बसले आणि स्टूलचा पाय निखळला, हे खरं. आता मी काही चवळीची शेंग नाही, म्हणून मीही ते हसण्यावारी नेत होते.

दोकचिलनं उठून कोपऱ्यातलं ते स्टूल आणून टेबलावर आडवं ठेवलं. "बघा, मोडलेला जोड. सगळा गंजून काळा, फक्त एवढीशी कड चकचकीत. चकचकीत ते ताईंनी मोडलं. बाकीचं आधीच मोडलेलं होतं. ताई, या स्टुलावर रोज कोण बसतं?"

"शेगडीजवळची जागा या तांडेलांचीच की!" मी म्हटलं.

सगळ्यांनी टेबलाखाली पाहिलं. तांडेलाचा गुडघा नेहमीसारखा खालीवर हलत होता. बोट उलटेल म्हणून ताटातला मासा कधी पालथा न करणारा हा माणूस! पण पाय हलवला की नशीब गळतं, हे त्याला आईनं शिकवलं नव्हतं वाटतं.

"ताई बसल्या एकदा," दोकचिल म्हणाला. "तुम्ही रोज डुलवलंत."

तांडेलानं गुडघ्यावर हात दाबला. "दीड दिवस?"

"दोन. आणि ताईंचं स्टूल तुमच्या खर्चानं."

"बरं, बरं," तांडेल पुटपुटला, आणि दुसरा पाय हलवायला लागला.