बंदुकीची जन्मतारीख

दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या खापरपणजोबांना खोटं पाडायचं आणि वर त्याच्याच घरची बासुंदी ओरपून यायचं, हे करू शकणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मला त्यांचा राग येतो. दर दसऱ्याला त्यांना यवतहून उचलून गावोगाव फिरवायला गाडी माझी लागते, आणि निघताना यजमानांचं ऐकून घ्यायला कानही माझेच लागतात.

मामांना वेड जुन्या जर्मन शिकारी बंदुकांचं. दौंडला रेल्वेत असताना डब्यांच्या चाकांवर ठोकलेलं साल वाचायची सवय जडली, ती निवृत्तीनंतर बंदुकांवर घसरली. जर्मनीत म्हणे प्रत्येक बंदुकीत मुद्दाम जादा दारू भरून बार काढत, आणि ती टिकली तर नळीच्या खालच्या अंगाला सरकारी ठसे मारत. जुन्या बंदुकीवर मुकुट आणि अक्षरं. पुढे कायदा बदलला आणि मुकुटाच्या जागी गरुड आला. पुष्कळ नळ्यांवर महिना आणि सालही असतं. नळ्या उतरवल्याशिवाय यातलं काही दिसत नाही. दसऱ्याला परवानेवाले लोक बंदूक पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात, तो मुहूर्त मामा साधतात. आपट्याची पानं देतात, नमस्कार करतात आणि खिशातून भिंग काढतात.

पाबळला आप्पा म्हणून एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनी नुकती कुठे सुरुवात केली होती, “ही बंदूक द्यायला पेशव्यांच्या सरदारानं आमच्या खापरपणजोबाला जवळ बोलवलं…” तेवढ्यात मामांनी नळ्या उतरवून वरचं कुंकू रुमालानं पुसलंसुद्धा.

“आप्पा, ह्याच्यावर मुकुट हाय आन् शेजारी साल बी हाय. एकोणीसशे बारा. तवा कुठला पेशवा?”

आप्पांचा चेहरा एवढासा झाला. “लहानपणापास्नं ऐकत आलोय मी,” ते म्हणाले.

“मंग लहानपणापास्नं खोटं ऐकताय,” असं म्हणून मामांनी सुनेच्या हातातली बासुंदीची वाटी घेतली आणि चाटूनपुसून संपवली.

गाडीत मी भडकलो. “मामा, त्या म्हाताऱ्याचं समाधान होतं, तुमचं काय जात होतं?”

“खऱ्याला भ्यायचं कशापायी, जावईबापू?”

“मग तुमची का नाही उघडत?”

कारण बंदूक मामांकडेही होती, वडिलांकडून आलेली. लग्नाआधी वडिलांनी घाटात एका जर्मन इंजिनिअरला बिबट्याच्या तावडीतून सोडवलं, आणि साहेबानं खांद्यावरची बंदूक काढून त्यांच्या खांद्यावर ठेवली, अशी ती गोष्ट. मामा ती अगदी वडिलांच्या आवाजात सांगत. लोकांच्या बंदुका उघड्या पाडत हिंडणाऱ्या या माणसानं स्वतःच्या बंदुकीच्या नळ्या मात्र जन्मात उतरवल्या नव्हत्या. “आमच्या वडलांनी सांगितलंय. तेवढं पुरं,” ते म्हणाले.

मग निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मामांच्या परवान्यावर पत्ता अजून दौंडचा, म्हणून आम्ही दौंडला गेलो. तिथला नवीन हवालदार नळीखालचा नंबर पाहिल्याशिवाय पावती देईना. त्यानं नळ्या उतरवून टेबलावर उलट्या ठेवल्या. मामांनी मान फिरवली, पण सवय वाईट. नजर गेलीच.

गरुड होता. शेजारी साल. त्या साली मामा पाळण्यात होते.

दौंड सोडल्यापासून ते वडिलांना शिव्या देत होते. “त्या सालात कुठला साहेब आन् कुठला बिबट्या? पुण्याच्या दुकानातनं आणलीया सरळ. आयुष्यभर थापा मारल्या म्हाताऱ्यानं.” आप्पांचा पडलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. बरी जिरली, असं मला वाटलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

यवतच्या अलीकडे त्यांचा आवाज उतरला. मग म्हणाले, “बिबट्याचा आवाज वडील लई भारी काढायचे. आमी गोधडीत शिरायचो.” आणि थोड्या वेळानं, “आता ही गोष्ट कुण्या तोंडानं सांगू?”

 मी गाडी त्यांच्या दाराशी नेऊन उभी केली.

यंदाच्या दसऱ्याला ते आपणहून म्हणाले, “पाबळला घ्या गाडी.” आम्हाला पाहताच आप्पा उठून पाटाच्या पुढ्यातच बसले. मामांनी पानं दिली, नमस्कार केला. हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

“आप्पा, मागच्या खेपंला तुमची गोष्ट अर्धीच ऱ्हायली.”

“नळ्या न्हाई ना उतरवायच्या?”

“न्हाई.”

आप्पा पाटापुढून जरा बाजूला सरकले आणि त्यांनी चाचरत सुरुवात केली. हळूहळू आवाज चढला, पेशवे आले, सरदार आला, खापरपणजोबा घोड्यावरून उतरले. आप्पा दम घ्यायला थांबले की मामा लहान मुलासारखे विचारत, “मंग?” सुनेनं ठेवलेल्या बासुंदीवर साय धरली, तरी त्यांनी वाटीला हात लावला नव्हता.