बंद मिलच्या चार सायकली

मिलला कुलूप लागून काही महिने झाले होते. तरी आम्ही चौघे देपालपूरच्या सायकल शर्यतीत नाव द्यायला गेलो: दोन विणकर, एक फिटर आणि टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारा मी. मिलची टीम दर वर्षी इंदूरहून देपालपूरला जाऊन परत यायची. त्या वर्षीही जाणार होती.

टेबलामागचे संयोजक हसले. "भिया, मिल तो रही नहीं. अपने-अपने नाम से दौड़ लो."

"मिलची माणसं आहेत ना," थोरला विणकर म्हणाला.

"तो क्या रस्ते पर कपड़ा बुनोगे?"

मी नियमांचा कागद पुढे सरकवला. टीमने मुदतीत यायचं आणि चौघांनी एकत्र रेषा ओलांडायची. मिल चालू असली पाहिजे, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी वैतागून मिलचं नाव लिहिलं. "एक भी पीछे छूटा, तो नाम काट दूंगा."

बक्षिसाचं कोणाच्या मनातही नव्हतं. नाव मात्र कापू द्यायचं नव्हतं.

मी कामं वाटली. पंप आणि पक्कड फिटरकडे, जादा ट्यूब आणि पॅच माझ्याकडे, गूळ-चणे धाकट्या विणकराकडे.

"आणि मी काय घेऊ?" थोरल्याने विचारलं. पन्नाशीचा गडी, गुडघे कुरकुरणारे.

"तुम्ही फक्त पुढच्या चाकामागे राहा, दादा. समोरचा वारा आम्ही झेलतो."

"म्हणजे मी पण सामानच!"

मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो. मिलमध्ये सगळे हातांनीच बोलायचे. रस्त्यावरही तसंच. पंजा वर गेला की थांबायचं, बोट फिरलं की पुढच्याने मागे यायचं. बाकीच्या टीमा एकमेकांवर बोंबलत होत्या. आम्ही गप्प चाललो होतो.

जाताना धाकट्याचं चाक बसलं. ट्यूब बदलली, निघालो. परतताना थोरल्याच्या मागच्या चाकात काच घुसली आणि ट्यूब बोटभर चिरली. जादा ट्यूब संपली होती, चिरेवर पॅच धरेना. मागच्या टीमा एकेक करून पुढे गेल्या.

"मिलवालों, इधर भी हड़ताल?" जाता जाता एकजण ओरडला.

धाकटा तापला. "याला तर मी..."

थोरल्याने पंजा वर केला. मग रस्त्याच्या कडेला मांडी घालून, चीर होती तिथेच त्याने ट्यूब आडवी कापली आणि दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून गाठ मारली. फिटरने पकडीने ती आवळली.

"दादा, हा धागा नाही, रबर आहे!" मी म्हणालो.

"तुटलं की जोडायचं. बोंबलून जुळतं का काही? पंप दे."

हवा धरली. पण गाठ खाली आली की चाक दणका द्यायचं.

"बैलगाडीचं तिकीट नव्हतं काढलं मी," थोरला कण्हला.

धाकटा वेग वाढवायला बघत होता. मी घड्याळ पाहिलं. "आहे हाच वेग पुरेल. एकटा पुढे पोचून काय करशील?" त्याने ऐकलं. आम्ही तिघांनी वारा अंगावर घेतला, थोरला मध्ये राहिला.

सगळ्यांत शेवटी, पण मुदतीत, चौघांची चाकं एकत्र रेषेवरून गेली. माइकवरून आवाज आला, "और ये आ गए आखिरी चार."

बस, एवढंच. मिलचं नाव नाहीच. आम्ही मागे वळलो आणि चारही सायकली रेषेवर आडव्या लावल्या. मागून परीक्षकांची गाडी हॉर्न वाजवत आली.

"हटो भिया, रास्ता छोड़ो!" संयोजक ओरडले.

"नाव घ्या," मी म्हणालो.

"अरे, बाद में ले लेंगे."

कोणी हललं नाही. गाडीचा हॉर्न चालूच होता. लोक जमू लागले. शेवटी संयोजकांनी माइक तोंडाजवळ धरला आणि मिलचं नाव पुटपुटल्यासारखं घेतलं.

थोरल्या विणकराने सायकल शांतपणे स्टँडवर लावली.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही, साहेब," तो म्हणाला. "फिर से."