एका रविवारचा नवरा

देवासमोर जायला तुम्ही कधी घरात माणूस उसना आणला आहे का?

आमच्या वसईच्या चर्चमध्ये कुटुंब-रविवारी एक कुटुंब भाकर आणि द्राक्षारस घेऊन वेदीपर्यंत चालत जातं. यंदा पाळी सिसिलिया मावशीची होती. तिचा नवरा सहा वर्षांपासून दुसऱ्या बाईकडे राहतो. "मी आणि माझी पोर जाऊ," मावशी म्हणाली.

"अगं, अर्धं कुटुंब बरं दिसतं का?" चर्चच्या समितीचे काका म्हणाले. "त्या दिवसापुरतं बोलावू त्याला."

"मग त्याच्या बाईलाही बोलवा, म्हणजे कुटुंब पुरतं भरेल!" मावशी म्हणाली.

काका हसले आणि त्यांनी त्याला बोलावलंच. इस्त्रीच्या शर्टात तो द्राक्षारस घेऊन पुढे चालला. मावशीच्या हातात फुलं दिली होती. पोर मान खाली घालून मागून येत होती. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "किती शोभतात!"

मला शिसारी आली. भाकर जशी आहे तशी वेदीवर चालते, मग मावशीचं घर का चालत नाही? देवाला फसवताना आम्ही वर भक्तिगीत गात होतो.

अशी बाई तुमच्याही गावात असेल. पुढच्या पाळीला तिचं आणि तिच्या लेकरांचं नाव समितीकडे तुम्ही स्वतः द्या, आणि त्यांच्यापुढे कुणालाही चालू देऊ नका.