मानेवरून माणूस ओळखणारे डॉक्टर

जालना जिल्ह्यातल्या यच्चयावत माणसांना मानेवरून ओळखणारा इसम एकच, आणि तो आमचा भूलतज्ज्ञ मित्र. चेहरा, नाव, हुद्दा या गोष्टी डॉक्टरांच्या लेखी गौण. परतूरच्या वकिलांचा विषय निघाला की म्हणत, “हां हां, ती आखूड मान!” एका सत्कारात पुढारी हारांखाली दिसेनासे झाले होते, टाळ्या थांबत नव्हत्या, आणि हे माझ्या कानाशी हळहळत होते, “सर, यांची नस काही सापडायची न्हाई. चरबी बघा.” त्या सभेतलं तेवढं एकच वाक्य मला खरं वाटलं.

दोष त्यांचा नव्हता. अत्यवस्थ माणसाच्या हातांच्या नसा बसतात. मग मानेतल्या मोठ्या नसेतून थेट हृदयाजवळ नळी न्यावी लागते. नस दाखवणारं यंत्र त्या काळी आमच्याकडे नव्हतं. डॉक्टर खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवत, म्हणजे डोकं खाली जाऊन नस फुगावी. मग बोटांनी मानेतल्या धमनीचे ठोके चाचपत आणि त्या ठोक्यांच्या शेजारी सुई घालत. “दिसत न्हाई, पण असती,” म्हणत. “देवापेक्षा जल्दी सापडती.”

माझ्या धाकट्या भावाला तीर्थपुरीहून आणलं तेव्हा ताप रक्तात भिनला होता आणि रक्तदाब लागत नव्हता. डॉक्टरांनी त्याची मान वळवली. तो अर्धवट शुद्धीत पुटपुटला, “दादा, हे गळा कापून राह्यले का?”

“गळा कापायला भाऊ असतात,” डॉक्टर म्हणाले. “मी नुसती सुई घालतो. हलू नका.”

भाऊ हसला. नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. डॉक्टरांनी सलाईनची बाटली खाटेखाली धरली. नळीत रक्त उलटं आलं. नळी नसेतच असल्याची ती खूण. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भाऊ वाचलाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.

डॉक्टर घरी आले आणि भिंतीशी बसून राहिले. मग कुणी न विचारताच भावाच्या बायकोला म्हणाले, “वहिनी, नळी बराबर बसल्ती.”

“मंग काय चुकलं, डॉक्टरसाहेब?”

“काहीच न्हाई.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “काहीच चुकलं न्हाई, वहिनी.” आणि त्यांना रडू फुटलं.

सुतकाच्या घरात आल्या माणसाला चहा विचारत नाहीत. तिने शेजारणीकडून कपभर मागवला, त्यांच्या हातात दिला आणि ते पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिली.