बाबांच्या तळहातावरचं वाक्य

आमच्या बाबांना बारा वर्षं ऐकू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यात सगळ्या घराची सोय झाली होती.

कानातलं मशीन त्यांनी केव्हाच कपाटात टाकलं होतं. ते शिट्ट्या मारायचं. (‘घरात एक कुकर पुरे आहे,’ असं त्यांचं म्हणणं.) तेव्हापासून बाबा दिवसभर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायचे आणि आम्ही त्यांच्यासमोरच वाट्टेल ते बोलायचो. भांडणंसुद्धा! फक्त चेहरा हसरा ठेवायचा, एवढंच पथ्य.

मग माझी मुलगी ऋतुजा बंगळुरूहून सुट्टीवर आली. ती ज्या कंपनीत आहे, तिथे अंगावर घालायची यंत्रं बनवतात. तिने काडेपेटीएवढी एक डबी बाबांच्या खिशाला अडकवली आणि स्वतःचा हात पुढे करून दाखवत म्हणाली, “आबा, हात समोर धरा.” बाबांनी प्रसाद घ्यायला धरावा तसा हात धरला. डबीतून प्रकाश पडला आणि तळहातावर हिरवी अक्षरं उमटली : ‘आबा, हात समोर धरा.’

समोरचा जे बोलेल ते हातावर! बाबांनी दुसऱ्या हाताने अक्षरं पुसून पाहिली. पुसली जाईनात. मग ते इतके हसले, की खिशावरची डबी हलली आणि अक्षरं त्यांच्या लेंग्यावर नाचू लागली.

अडचण एकच होती. डबीला आमची नागपुरी येत नव्हती. आमच्याकडे ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. माझी बायको सुनंदा त्यांना म्हणाली, “बाबा, काहून जेवले नाही?” हातावर आलं : ‘बाबा, कानून जेवले नाही.’

“कोणता कानून वं?” बाबा घाबरले.

“शुद्ध बोला डबीशी,” ऋतुजा म्हणाली. झालं! सगळं घर पुस्तकी बोलू लागलं. “बाबा, आपण चहा घेणार का?” सुनंदा विचारायची, आणि बाबा दाराकडे बघायचे : कोण पाहुणे आले?

मी शाळेत मराठी शिकवतो. सव्वीस वर्षं मुलांची वाक्यं तपासतो आहे. त्यामुळे माझ्या डोक्यात एक विद्वान कल्पना आली. बाबांशी बोलायचं ते शुद्ध मराठीत, आणि बाबांपासून लपवायचं ते नागपुरीत! मी ही युक्ती सुनंदालाही सांगितली. अर्थात नागपुरीत.

आठवडाभर हे छान चाललं. रविवारी माझी धाकटी बहीण शोभा कन्हानहून आली. आम्हाला आठ दिवस उटीला जायचं होतं. बाबांचं काय करायचं, हा प्रश्न होता. बाबा समोरच बसले होते, मांडीवर हात ठेवून.

मी हसऱ्या चेहऱ्याने सुरुवात केली. “बाबाले आठ दिवस तुह्याकडे ठेव ना वं.”

“माह्याकडे काहून गा दादा? मले अंगणवाडी आहे. दिवसभर त्यायच्याजवळ कोण बसन?”

“बसाले कायले पाहिजे कोणी? त्यायले काय समजते? खुर्चीवर बसवलं का बसून राह्यते.”

“मंग तुह्याच खुर्चीवर बसव!”

“मी तं बारा वर्षांपासून बसवूनच राहिलो!”

सुनंदा मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, चहा झाला असेल. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तळहात डोळ्यांजवळ नेला होता. मग जरा लांब धरला. मग चष्मा पुसला आणि ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसल्या खणखणीत आवाजात त्यांनी वाचलं :

“‘त्यायले काय समजते? खुर्चीवर बसवलं का बसून राह्यते.’ ऋतुजा, हे वाक्य कोणाचं आहे वं? याच्यात नाव येत नाही.”

शोभाने चेहरा अजून हसराच ठेवला होता.

“डबी ऐकून ऐकून शिकते ना पप्पा,” ऋतुजा हळूच म्हणाली. “आठवडाभर तुम्हीच तर शिकवलं.”

“टीव्हीवर लागलं होतं बाबा!” मी ओरडलो. बाबांनी हात पाहिला, मग टीव्ही पाहिला. टीव्ही बंद होता.

“टीव्हीले शोभाची अंगणवाडी माहीत आहे?”

मी डबी बंद करायला झेपावलो. बटन सापडेना. माझाच हात प्रकाशाच्या मध्ये आला आणि अक्षरं माझ्या तळहातावर पडली : ‘टीव्हीवर लागलं होतं बाबा!’ खाली लगेच नवीन ओळ : ‘अं… म्हणजे… तसं नाही.’ आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांवर लाल पेन चालवलं. स्वतःचं वाक्य हातावर पडलं, तर ते खोडायला जागा नव्हती. मी हात खाली घेतला.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “मले उटीले यायचंच नाही. थंडी सोसत नाही. मीच नाही म्हटलं असतं गा. विचारलं तं असतं.”

शोभा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. मी स्टूल ओढून बाबांसमोर बसलो. म्हणालो, “बाबा, तुमाले काय वाटते?” ते वाक्य हातावर उमटल्यावर त्यांनी बराच वेळ मूठ मिटली नाही.

मग ते तासभर बोलले. आपण इथेच राहणार, शोभाने सुट्टी घेऊन इकडे यावं, तिच्या हातचा झुणका खाऊन वर्ष झालं, आणि खिडकीजवळ खुर्ची सरकवा हे आपण कितीदा सांगितलं, तरी ती भिंतीशीच आहे. शोभा आतूनच ओरडली, “येतो मी!” आणि बाबांनी ते वाचून मान डोलावली.

खुर्ची मी लगेच सरकवली. तिथे बसून बाबांनी ऋतुजाला हाक मारली.

“असं एक यंत्र तुह्या बापासाठी पण आण वं. मी बारा वर्षांपासून बोलून राहिलो, त्याले एक शब्द ऐकू नाही आला.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मोबाईलवर उटीच्या हॉटेलचे फोटो बघत होतो.

“आँ?” मी मान वर केली. “काय म्हणाले बाबा?”