थंड खोलीत ठेवलेला गाळ

ग्रोनिंगन या डच शहराजवळच्या एका शेताच्या कडेने कालवा जातो. त्याच्या तळाच्या काळ्या गाळात मिथेन वायूवर जगणारे जिवाणू होते. त्यांना हवा चालत नसे आणि ते वाढतही फार हळू. काचेच्या मोठ्या भांड्यात मिथेन आणि नायट्रेट देत मी त्यांना काही वर्षं सांभाळलं, तेव्हा कुठे आत लालसर थर दिसायला लागला. मी नवऱ्याला मुद्दाम प्रयोगशाळेत नेऊन तो थर दाखवला. तो आयटीतला माणूस. बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "एवढाच?"

मग महामारी आली आणि विद्यापीठाची इमारत बंद झाली. आमच्या प्राध्यापकांचा फोन आला, "भांडं बंद कर. गाळ बाटल्यांत भरून थंड खोलीत ठेव. त्यांना झोपू दे."

"ते झोपतील की मरतील, हे कुणालाच माहीत नाही," मी म्हटलं. "प्रयोगाच्या उंदरांना खायला घालायला माणसं आत जाऊ शकतात. मग मी का नाही?"

"उंदीर मेले तर लोक विचारतात," ते म्हणाले. त्यांनाच ते बोलताना अवघडल्यासारखं झालं असावं, कारण पुढे बराच वेळ ते हवामानाबद्दल बोलत राहिले.

मी बाटल्या भरल्या, झाकणं घट्ट लावली आणि सायकलवरून घरी आले.

घरी नवऱ्याच्या मीटिंगा बैठकीच्या खोलीत, मुलीची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणि माझं लिखाण पलंगाच्या कडेवर. मुलीला मराठीत जेवायला हाक मारायची आणि तिने डचमध्ये "भूक नाही" म्हणायचं. नागपूरहून आई रोज फोन करायची.

"तू त्या विषाणूवरच काम करतेस ना गं?"

"नाही आई, मी जिवाणूंवर करते. चिखलातल्या."

"अगं, पण आता चिखलाचं काय काम?"

थोड्याच दिवसांत आमच्या गटाला सांडपाण्यातला विषाणू मोजायचं काम मिळालं आणि तेवढ्यापुरती इमारतीत शिरायची परवानगीही. शहराच्या गटारांतून आलेले नमुने गाळायचे, मोजायचे, आकडे पाठवायचे. आईने ही बातमी आमच्या नागपूरच्या बुद्धविहारातल्या सगळ्यांना सांगितली. चिखलाची इतकी वर्षं तिने कधी कुणाला सांगितली नव्हती. मला राग आला नाही. रागावायलाही अंगात थोडी ताकद लागते.

बाटल्या उघडायची परवानगी मिळाली तोवर हिवाळा संपत आला होता. गाळ पुन्हा भांड्यात घातला, मिथेन सोडला. दर सोमवारी वायूचा नमुना घ्यायचा आणि यंत्राला लावायचा. मिथेन जराही कमी होत नव्हता. खाणारं कुणी उरलंच नसावं. मुलगी एकदा कॉम्प्युटरवरच्या आलेखातली मिथेनची आडवी रेघ बघत उभी राहिली आणि डचमध्ये म्हणाली, "आई, ते मेले का?"

"बहुतेक," मी म्हटलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

नमुने घेणं मी तरीही थांबवलं नाही. जिद्द वगैरे काही नव्हती; सोमवारचं दुसरं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. उन्हाळा सरताना रेघ थोडी खाली झुकली. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी पुन्हा मोजलं. पुढच्या सोमवारी ती आणखी झुकली. म्हणजे कुणीतरी तग धरून होतं.

आपल्याला रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. मी स्टुलावर बसले आणि हिशेब मनात आपोआप सुरू झाला: पुन्हा तसा थर जमायला पुन्हा तितकीच वर्षं, आणि माझ्या नोकरीची मुदत वसंतापर्यंत.

प्राध्यापकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "मुदत वाढवून घेऊ! नव्या संशोधक मुलीला हाताशी देतो. तूच हे उभं केलंस, तूच पुढे ने."

"तिलाच द्या," मी म्हटलं. "मी तिला सगळं शिकवून जाईन."

"आणि तू?"

"पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जागा आहे. कायमची. आठवड्याला चारच दिवस."

"अगं, आत्ता? आत्ताच तर ते परत आले!"

"मी दमले आहे," मी म्हटलं.

ते पुन्हा खुर्चीत बसले. तोंडावरचा मास्क खाली ओढला, डोळे चोळले. ते मला पटवायला लागतील या तयारीत मी उभी होते.

"मीही," ते म्हणाले.